एक किलो पाचशे साठ

शर्ट काड, म्हणाली सिस्टर एफिजेनिया.
मी इकडेतिकडे पाहिलं.
आठ वर्षं नार्व्याच्या फेरीवर साखळी ओढतोय,
पंख्यात अडकलेला दोर सोडवायला
उघड्या अंगाने मांडवीत उतरलोय कितीदा,
पण बांबोळीच्या त्या पांढऱ्या दिव्याखाली
बटणं सापडेनात.

तिने तुला माझ्या छातीवर उभी ठेवली
बेडकासारखी, पाय दुमडून,
मान एका कुशीला,
आणि फडक्याने आपल्या दोघांना एकत्र बांधलं.
एक किलो पाचशे साठ.
म्हापशाच्या बाजारात बरी इसवण याहून जड भरते.
हलू नको, म्हणाली, श्वास घेतलास की पुरे.
मी श्वास घेतला
आणि तू वर गेलीस,
सोडला, खाली आलीस,
धक्क्याला बांधलेल्या होडीसारखी.

माझं कामच हे, बाय,
वजन कुठे ठेवायचं ते सांगणं.
टेंपो मधे घे, स्कूटर कडेला,
ए कारवाल्या, हँडब्रेक ओढ.
एका अंगाला जास्त झालं की फेरी कलते.
तुला मात्र कुठे घ्यावं ते कळेना.
डावीकडे माझं काळीज फार वाजत होतं,
तू दचकशील म्हणून उजवीकडे सरकवायला गेलो
तर सिस्टर म्हणाली,
थंयच आसूं दी. तिका आवाज जाय.

पलीकडच्या वॉर्डात विशांती
टाके सांभाळत बसायची, दूध काढायची.
दहा मिली. बारा मिली.
एकदा माझ्या हातून वाटी कलंडली.
ती ओरडली नाही, रडली नाही,
टेबलावरच्या त्या पांढऱ्या थारोळ्याकडे
बघत राहिली फक्त,
मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली.
त्या दिवशी मी जेवलो नाही.
तिला सांगितलं, जेवलो.

बारावा दिवस तसाच गेला.
पाळणा नाही, कुर्र नाही.
पायातल्या पट्टीवर लिहिलेलं,
विशांतीचं बाळ, मुलगी,
आणि तेवढ्यावर तू चाळीस दिवस जगलीस.

घरी आणली तेव्हा वैजीण आली.
अर्ध्या नार्व्याला तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं,
मलासुद्धा.
तुला बघितलं आणि हात मागे घेतले.
इतकें ल्हान हांवें केन्ना धरूंक ना, म्हणाली.
डॉक्टरने तेल नको म्हटलंय, धुरी नको, काजळ नको,
मी एकेक सांगत गेलो, ती ऐकत गेली,
आणलेलं वेखंड तिने पदराच्या गाठीत परत बांधलं.
वाटलं, आता उठेल.
पण तेलाची वाटी तिने पुढे ओढली,
विशांतीचे पाय मांडीवर घेतले
आणि चोळायला लागली.
टाचा. पोटऱ्या. घोटे.
तेव्हा विशांती रडली.
किती वेळ, ते मी घड्याळात बघितलं नाही.

आता रात्री दोनला तू उठतेस, साडेतीनला उठतेस,
पाचला मी उठतो कारण पहिली फेरी सहाची.
लंगोट दोरीवर वाळत नाहीत,
इस्त्री करकरून वाळवतो,
घरभर उकडलेल्या सुताचा वास.
तुझी ढेकर आली नाही तर मला झोप नाही.
ती येते कधी कधी
नारळ पडल्यासारखी.
विशांती अंधारात हसते.
गेल्या आठवड्यापासून हसते.

आज सकाळी दिवाडहून एक म्हातारी चढली,
तांबड्या भाजीची पाटली घेऊन,
माझ्या शेजारी साखळीला टेकून उभी.
नाक वर केलं, माझा खांदा हुंगला.
आंबट दुधाचा डाग, युनिफॉर्मवर, वाळलेला.
घरांत भुरगें आसा न्हय रे?
आसा.
चलो काय चली?
चली.
नांव कितें?

तीन किलो शंभर, म्हणालो मी.

ती माझ्याकडे बघतच राहिली.
तोवर धक्का आला होता,
मला साखळी सोडायची होती.